त्यांनी पोरगीच काढून टाकली

नंदुरबारच्या नव्या थिएटरात पिक्चर संपायला थोडाच वेळ उरला होता आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मागचा माणूस "ओ आजी, बसा ना" म्हणाला, तरी मला बसता येईना. शेजारी माझी नात तन्वी माझा पदर धरून मला खाली ओढत होती. ती नाशिकला राहते, नववीत आहे, सुट्टीत माझ्याकडे आली होती. तिच्याच हट्टापायी आम्ही दोघी रिक्षा करून आलो होतो. कराटेचा एक जुना गाजलेला परदेशी पिक्चर आता नव्याने काढलाय, हिंदीत बोलतो, आजी तुला आवडेल, असं तिचं चाललं होतं. जुना पिक्चर मी तिच्याच वयाची असताना शहाद्याच्या टॉकीजमध्ये पाहिला होता, हे मीच तिला कौतुकाने सांगितलं होतं. त्यामुळे जाताना मी खुशीत होते. अबोली रंगाची साडी नेसले होते, पर्समध्ये खारे दाणे घेतले होते. बाहेर पडले तेव्हा दाणे तसेच होते आणि माझं डोकं ठणकत होतं.

राग कशाचा आला ते नीट सांगते, कारण तन्वीला रिक्षात मला ते नीट सांगता आलं नाही. जुन्या पिक्चरमध्ये शिकणारी एक मुलगी होती. मिठागरावरच्या मजुराची पोर, काटक, केस कानापर्यंत कापलेले. ती लढाई शिकायला एका म्हाताऱ्या गुरूकडे जाते आणि तो तिला कितीतरी दिवस फक्त पडायला शिकवतो. अर्धा पिक्चर ती नुसती पडते. चिखलात पडते, लाकडी फरशीवर पडते, पायरीवरून पडते. शेवटी मोठ्या सामन्यात ती हरते. हरते म्हणजे स्वच्छ हरते, पंच दुसऱ्याचा हात वर करतो. मग ती डोळा सुजलेला घेऊन होडीत बसते, कागदातून उकडलेलं अंडं काढते, सोलून सावकाश खाते आणि खाता खाता तिला हसू येतं. तिथे पिक्चर संपतो. नव्यात त्यांनी त्या मुलीच्या जागी मुलगा घेतलाय. गोरापान, दंड फुगवलेला, शर्ट काढायला टपलेला. पडायचं शिकणं एका गाण्यात उरकलंय. गुरू विनोद करतो. आणि शेवटी तो पोरगा हवेत उडून लाथ मारतो आणि जिंकतो. मुलगी एक आहे, गुरूची नात. ती त्याला डबा आणून देते, त्याचा पट्टा बांधते आणि सामन्याच्या वेळी खुर्च्यांत बसून टाळ्या वाजवते. ती टाळ्या वाजवायला लागली तेव्हा मी उभी राहिले.

"आजी, सगळे बघत होते," तन्वी रिक्षात म्हणाली.

"बघू देत. त्यांनी त्या पोरीला काढून टाकलं."

तिने मोबाइलवर शोधलं. जुन्या पिक्चरचा एक फोटो सापडला, कापलेल्या केसांची ती मुलगी त्यात स्पष्ट दिसत होती. तन्वीने तो मला दाखवला, स्वतःही जरा वेळ पाहिला आणि म्हणाली, "हो गं, मुलगीच होती. पण आजी, मुलगा घेतला की पिक्चर चालतो. स्टोरी तर तीच आहे ना. एवढं काय त्यात?"

ती लहान आहे, आणि तिने हे कुठूनतरी ऐकलेलंच असणार. पण 'एवढं काय त्यात' हे मी तिच्या वयाची असताना आमच्या घरात रोज ऐकलं होतं, आणि ज्या गोष्टीबद्दल ऐकलं होतं ती मी आजवर कुठे लिहिली नाही.

आमचं गाव प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे, तापीच्या काठाला. घर शेतकऱ्यांचं, भरलेलं. माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो, आईला माय. नानांचे मोठे भाऊ म्हणजे आबा. घरात त्यांचा शब्द चालायचा आणि गावातही, कारण शाळेच्या कमिटीवर ते होते. त्यांचा मुलगा संजय माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, पण एकदा नापास झाल्यामुळे माझ्याच वर्गात. एक चूल, एक पडवी. पहाटे नदीवरच्या पाण्याच्या इंजिनाची टुकटुक सुरू व्हायची, तिनेच आम्हाला जाग यायची. मग गोठ्यातल्या बादल्या, मग मायच्या आणि मोठ्या आईच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, भाकऱ्यांचे थपथप आवाज. कळण्याची भाकरी, तेल सोडलेला लाल मिरचीचा ठेचा, कांदा, हे सकाळचं. उन्हाळ्यात अंगणभर खाटांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले असायचे आणि त्यांवरून कावळे हाकलणं हे माझं काम. संजयला असलं काम नव्हतं. मला त्याचा रागही नव्हता, घर तसंच असतं अशी माझी समजूत होती. जेवायला आधी पुरुष बसत, त्यांच्याबरोबर संजय बसे. मी मायबरोबर नंतर. तोवर डाळीच्या वाफवलेल्या फुनक्यांतले मऊ फुनके संपलेले असत आणि कढी तळाला गेलेली असे. माय माझ्या ताटात तरीही कुठून तरी एक मऊ फुनका काढून ठेवायची. कसा ते मला कधी कळलं नाही.

तो पिक्चर आम्हाला आबांनीच दाखवला. मिरची विकायला ते नंदुरबारला गेले होते. भाव बरा मिळाला असावा, कारण परतताना ते गावात उतरले नाहीत, आम्हाला तसेच पुढे शहाद्याला नेलं आणि म्हणाले, चला, टॉकीजला जाऊ. संजय आणि मी दोघेही बरोबर होतो, मिरचीच्या पोत्यांवर बसून खोकत खोकत गेलो होतो आणि आमच्या कपड्यांना अजून तो वास होता. दुपारचा खेळ, पंख्यांची घरघर, खालच्या बाकांवर शेंगांच्या टरफलांचा चुरा. आबा पाच मिनिटांत झोपले. संजय सुरुवातीला शिट्ट्या मारत होता, पण पोरगी नुसतीच पडायला लागली तेव्हा कंटाळला. मी मात्र बाकाच्या पुढच्या कडेला बसून ते सगळं प्यायले. मुलगी हरून अंडं खायला लागली तेव्हा संजयने तोंड वाकडं केलं, आमच्या घरात अंडं चालत नसे. दिवे लागल्यावर आबा जागे झाले.

"काय व्हयनं शेवटले? जिकनी का ती पोर?"

"नही आबा, हारनी."

"मंग पैसा वाया गयात," आबा म्हणाले आणि टोपी झटकून उठले.

बाहेर त्यांनी आम्हाला गरम जिलबी खाऊ घातली. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, हेही लिहून ठेवते. त्यांच्यावरचा माझा राग त्यामुळे कमी होत नाही.

पुढच्या वर्षी आमच्या शाळेत वळवी सर आले. काठी गावाकडचे, सातपुड्यातले. सडपातळ, सावळे, पांढरा स्वच्छ शर्ट, आणि बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं शुद्ध. आम्ही गावातली पोरं अहिराणीत बडबडत असायचो आणि ते आम्हाला शुद्ध मराठीत रागवायचे, याची मागे पुष्कळ थट्टा चाले. होळीला ते घरी जात आणि परत आले की त्यांचा आवाज बसलेला असे, नाचून नाचून पायही दुखत असत, पण डोळे मात्र चमकत असत. ते खेळाचे शिक्षक होते. धुळ्याला शिकताना कराटे शिकले होते. सकाळी शाळेआधी जो येईल त्याला ते तापीच्या वाळूत शिकवणार असं त्यांनी सांगितलं तेव्हा निम्मा वर्ग आला. महिनाभरात मुलं डझनभर उरली आणि मुली आम्ही चौघी. सरांनी पहिल्या दिवसापासून पडायला शिकवलं. मी त्यांना पिक्चरचं सांगितलं तर ते हसले.

"पहिल्यांदा सगळीकडे पडायलाच शिकवतात, शैला. पिक्चरवाल्यांनी तेवढं खरं दाखवलंय."

हनुवटी छातीला लावायची, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही, पडता पडता हाताने वाळूवर चापट मारायची, की धक्का हातातून निघून जातो. पाण्याच्या कडेची वाळू थंड असायची, पलीकडे प्रकाशाच्या देवळांची घंटा वाजायची, आणि आम्ही रांगेने धपाधप पडायचो. संजय पडायचा नाही. हे पोरींचं काम, असं तो म्हणायचा आणि कडेला उभं राहून लाथा मारायचा सराव करायचा. त्याची लाथ खरोखर जोरदार होती. सर त्याला रोज सांगत आणि तो रोज ऐकून न ऐकल्यासारखं करी. आबांचा मुलगा म्हणून त्याला वर्गाबाहेर काढायची सरांची सोय नव्हती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

घरी माझ्या कोपरांना, नितंबांना निळे डाग पडायचे. रात्री जेवणं झाल्यावर माय गरम तेलात हळद घालून चोळून द्यायची.

"पडानंच शिकाडस का तुन्हा मास्तर?" ती विचारायची. "ते तं आम्हले बी येस."

आणि तोंडाला पदर लावून हसायची. माय घरात आबांपुढे बोलत नसे. त्यांच्यासमोर तिचा पदर कपाळाखाली असायचा आणि तिला काही सांगायचं असलं तर ती मोठ्या आईमार्फत सांगायची. तिचं सगळं हसणं-बोलणं तेलाच्या वाटीपाशी, माझ्या पाठीमागे व्हायचं. म्हणून मला वाटायचं, हिला घराबाहेरचं काही कळत नसावं.

जिल्ह्याची शाळांची स्पर्धा धुळ्याला होती, तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यातच मोडायचो. आमच्या शाळेतून एकालाच जाता येणार होतं. सरांनी शाळेच्या मैदानावर दोरीने चौकोन आखला आणि सगळ्या वर्गासमोर लढती लावल्या. मुलगा मुलगी असं वेगळं नाही, वजन जुळतंय तेवढं पाहिलं. शेवटी उरलो संजय आणि मी. मला भीती त्याच्या लाथेची होती. ती आली तेव्हा मी बाजूला सरकले. त्याचा पाय हवेत गेला, मी त्याच्या टेकलेल्या पायाला आतून पाय घातला आणि तो पाठीवर आपटला. कोपर सोलून निघालं. उठला, चिडून पुन्हा तसाच आला आणि पुन्हा तसाच पडला. सरांनी माझा हात वर केला नाही, फक्त म्हणाले, "शैला जाईल धुळ्याला." पोरांनी ओरडा केला. संजयसुद्धा कोपर चाटत कसनुसं हसला आणि म्हणाला, "पाडं रे हिनी माले." त्या क्षणी त्याला काही वाटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. जे वाटायचं ते त्याला संध्याकाळी घरी शिकवण्यात आलं.

जेवताना आबांनी घास हातात धरूनच सांगितलं, "धुळाले संजू जाई."

मी वाढत होते. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. "आबा, मी पाडं त्याले. बठ्ठा वर्गनी देखं."

"पोरनी जात. चार लोकेस्ना समोर पाय उचलाडी का ती?" आबा माझ्याकडे न बघता नानांना म्हणाले. "आनि तो डोंगरवरना मास्तर आम्हनी पोरना हात धरीसन शिकाडस. आम्हीन देखत बठानं का?"

नाना भाकरी मोडत राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते. सगळी पंगत त्यांच्याकडे पाहत होती. शेवटी ते म्हणाले, "जाऊ दे व शैली. एवढं काय त्यामा."

नाना हळवे होते, माझे लाड करायचे, मी आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसायचे. पण त्या रात्री मला त्यांचा जो राग आला तो नंतर पुष्कळ वर्षं पुरला. आबांकडून मी काही अपेक्षा केली नव्हती. नानांकडून केली होती.

दुसऱ्या दिवशी आबा हेडमास्तरांकडे गेले. त्यानंतरच्या सोमवारी आम्हाला कळलं की वळवी सरांची बदली झाली, संस्थेच्या अक्राणीतल्या आश्रमशाळेत, लगेच. मी मधल्या सुट्टीत सरांच्या खोलीवर गेले. ते एकटे राहत. दाराबाहेर स्टोव्ह, दोरीवर तोच पांढरा शर्ट. ते सतरंजीत अंथरूण गुंडाळत होते. माझा राग सरांवरच निघाला.

"सर, तुम्ही गप्प का बसलात?"

"गप्प नाही बसलो," ते म्हणाले. "हेडमास्तरांना सांगितलं, संजयला पाठवू नका. तो हरेल म्हणून नव्हे. त्याला पडता येत नाही, हात मोडून घेईल. ते म्हणाले, तुमच्या डोंगरातल्या पोरांना शिकवा आता, तिकडे गरज आहे."

मग त्यांनी दोरी करकचून आवळली आणि त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले, एक लांब वाक्य. त्यांना त्या भाषेत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आवाज निराळाच होता, जाड, खालचा. अर्थ मला कळला नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

"मला राग आलाय, शैला," नंतर ते पुन्हा शाळेच्या मराठीत म्हणाले. "पण माझा राग या गावात कोणी ऐकणार नाही. ऐकला तर उलटाच अर्थ काढतील. तुझा ऐकतात का ते बघ."

दुपारच्या तळोद्याच्या बसने ते गेले. तिथून पुढे जीपने जायचं होतं. निरोप द्यायला शाळेतून कोणी आलं नाही. आम्ही चौघी मुली स्टँडवर उभ्या होतो, आणि बाकीच्या तिघींना घरी त्याबद्दल मार बसला.

संजय धुळ्याला गेला. पहिल्याच फेरीत समोरच्याने त्याला फेकलं, तो हात टेकून पडला आणि मनगट मोडलं. सर म्हणाले होते तसंच. तो परतला ते हात गळ्यात बांधून, पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टरमध्ये. आणि मग जे झालं त्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलंय. त्या प्लॅस्टरचा पराक्रम झाला. हात मोडला तरी पोरगा मागे हटला नाही, असं गावात पसरलं. कोणी पसरवलं ते सांगायला नको. आजच्या पिक्चरवाल्यांना मी उगाच शिव्या देत नाही. हे कसं करतात ते मी जवळून पाहिलंय. आधी पोरीला काढायचं, मग तिच्या जागी आलेल्याला हरताना बघवत नाही, म्हणून त्याला जिंकवायचं.

कमिटीने सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात मांडव, सतरंज्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. टेबलावर नारळ, टोपी, टॉवेल. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले, आबा बोलले. आमच्या घराण्याचं नाव जिल्ह्यात गेलं, असं आबा म्हणाले तेव्हा टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारच्या मुलीने मला कोपराने ढोसलं, म्हणजे तूही वाजव. मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आले होते, चांगल्या शुद्ध मराठीत, सरांनी म्हटलं असतं तसं. त्यातला एक शब्द मला आठवला नाही. तोंडातून निघालं ते घरातलंच.

"संजूदादा, तूच सांग. त्या रोजे कोन पडनं व्हतं? तू का मी?"

संजय टेबलामागे नारळ मांडीवर धरून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"खाली बस," आबा म्हणाले.

"त्याले सांगू द्या."

"शैली, खाली बस. पोरीनी जातले लाज नही का?"

तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला. मला आधी कळलंच नाही कोणाचा, कारण इतक्या मोठ्याने बोललेला तो आवाज मी ऐकलेला नव्हता. माय उभी राहिली होती. पदर होता तसाच कपाळाखाली, एका हाताने धरलेला, आणि दुसऱ्या हाताने तिने पुढच्या बाईच्या खांद्याचा आधार घेतला होता.

"मन्ही पोर खरं बोली ऱ्हायनी. मी सोता देखं. मी वावरमा भाकर लई जाई ऱ्हायनी व्हती, कंपाउंडजोडे उभी व्हती. संजू पडना. दोनदाव पडना. मास्तरनी मन्ही पोरनं नाव लिधं. त्या मास्तरले तुम्हीन हाकली दिधं आनि आते नारळ वाटी ऱ्हायनात."

एवढं बोलून ती थांबली, आणखी काही आहे का असा विचार केल्यासारखी, आणि म्हणाली, "बस."

मग ती मांडवातून निघाली. मी तिच्या मागे. सतरंज्यांवरचे लोक आम्हाला वाट देत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. कंपाउंडपाशी उभं राहून तिने सगळं पाहिलं होतं, आणि रात्री तेल चोळताना मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. का, ते मी तिला पुढे कधीतरी विचारलं. ती म्हणाली, तू सांगशील म्हणून थांबले होते.

आबांनी त्या दिवसापासून मायच्या हातचं खाल्लं नाही. आठवडा गेला नाही तोच चूल वेगळी झाली. मोठ्या आईने आमची पातेली दाराबाहेर मांडली आणि ती स्वतः रडत होती. मायने आणि मी तापीची माती आणून गोठ्याशेजारी चूल घातली. ती पुरती वाळली नव्हती, धुराने घर भरलं, खिचडी खालून लागली. नाना दिवसभर वावरात होते. संध्याकाळी आले, दोन्ही चुलींच्या मध्ये अंगणात जरा वेळ उभे राहिले, मग पाय धुवून आमच्या चुलीपाशी येऊन बसले. ताट पुढे ओढलं, घास घेतला.

"मीठ कमी शे," म्हणाले.

मायने मीठ वाढलं. तेवढ्याने मी त्यांना माफ केलं असं नाही. पण ते आले होते.

शाळेतला वर्ग पुन्हा सुरू झाला नाही. मी पुन्हा कधी कोणाशी लढले नाही, लढायला जागाच राहिली नाही. शिकले, शिक्षिका झाले, मुलींना खेळायला पाठवताना घरोघरी जाऊन भांडले. कुठे ऐकलं, कुठे दारातून परत पाठवलं. एकदा निवडणुकीच्या कामावर मला अक्राणीत पाठवलं होतं तेव्हा मी त्या आश्रमशाळेत मुद्दाम गेले. वळवी सर फार पूर्वीच तिथून दुसरीकडे गेले होते. कुठे, ते कोणाला सांगता आलं नाही. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. त्यांची क्षमा कोणी मागितली नाही. आबा म्हातारे होऊन आपल्या अंथरुणावर शांतपणे गेले. शेवटच्या दिवसांत मायच त्यांना पेज भरवायची, तिच्या हातचं ते खात होते, आणि त्या दोघांत त्या दिवसाबद्दल एक अक्षर निघालं नाही.

थिएटरमधून आल्यानंतरच्या रविवारी गावी संजूदादाच्या नातवाचं बारसं होतं. तन्वीला घेऊन मी गेले. जेवणं झाल्यावर पोरं ओट्यावर जमली आणि तन्वीने कराटेच्या पिक्चरचा विषय काढला. संजूदादा खुर्चीत बसला होता. आता त्याचे गुडघे गेलेत, काठी लागते. तो पोरांना म्हणाला, "अरे, आपणबी धुळ्याला गेलो होतो. जिल्ह्याच्या स्पर्धेला. हात मोडला, पण मागे हटलो नाही." पोरं म्हणाली, खरंच, आजोबा? आणि तन्वीने मोबाइल बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे नव्या नजरेने पाहिलं.

मी आतून पान घेऊन बाहेर येत होते. मी दारातच थांबले.

"संजूदादा," मी म्हटलं.

त्याने मान वळवून मला पाहिलं. "जाऊ दे ना, शैली. इतला वरीस व्हयनात."

"मंग इतला वरीसमा तुले खरं सांगता उनं नही का?"

त्याने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. पोरं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी तो उठला, शेजारची रिकामी खुर्ची काठीने माझ्याकडे सरकवली आणि पोरांना म्हणाला, "हाई सांगस ते ऐका. मन्हापेक्षा तिले जास्ती माहिती शे." आणि पुन्हा खाली बसला. उठून गेला नाही.

मी बसले. सुरुवातीपासून सांगितलं. सगळ्यांदेखत, त्याच्या तोंडावर, वळवी सरांचं नाव घेऊन आणि मायचं नाव घेऊन.